वायर नाही, सेल नाही, मग दिव्याचे बटण रिसीव्हरपर्यंत निरोप पोहोचवते कसे?

गेल्या काही वर्षांत ऑनलाइन बाजारात आणि विजेच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत दिव्याचे एक वेगळेच बटण दिसू लागले आहे. त्याच्या मागून एकही वायर निघत नाही आणि त्यात सेल घालायला जागाही नसते. दुहेरी चिकटपट्टीने ते भिंतीवर, काचेवर किंवा कपाटाच्या दारावर चिकटवायचे, दाबायचे, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाचा दिवा लागतो. वायर नसल्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही, कारण टीव्हीचा रिमोट घरोघरी आहे. सेलसुद्धा नाही म्हटल्यावर मात्र आत कुठेतरी लपवलेला असेल आणि वर्षभरात संपेल, अशी शंका बहुतेकांना येते. सेल खरोखरच नसतो. मात्र सेल नसण्याची किंमत या बटणाला मोजावी लागते, आणि ती जाहिरातीत सांगितली जात नाही: हे बटण बोलू शकते, पण ऐकू शकत नाही. त्याची जवळजवळ सगळी रचना, त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा या एका गोष्टीतून निघतात.

बटण दिवा लावत नाही, निरोप देते

आपल्या नेहमीच्या बटणातून दिव्याची वीज प्रत्यक्ष जात असते. बोर्डावरचे बटण दाबले की फेजची वायर जोडली जाते आणि दिव्याला वीज मिळते. बटण उलट केले की ती तुटते. बिनवायरच्या बटणातून दिव्याची वीज जातच नाही. इथे काम दोन भागांत वाटलेले असते. भिंतीवरचे बटण फक्त एक छोटा रेडिओ संदेश सोडते. दुसरा भाग म्हणजे रिसीव्हर, काड्यापेटीच्या आकाराची एक डबी, जी दिव्याजवळ, फॉल्स सीलिंगच्या आत किंवा बोर्डाच्या पेटीत बसवतात. तिला फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायर जोडलेल्या असतात. तिच्या आत रेडिओलहरी ऐकणारे मंडल असते आणि एक रिले असतो, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारे बटण. संदेश आला की रिले ‘टक्’ करतो आणि दिवा लागतो. थोडक्यात, फेज जोडणारे बटण नाहीसे झालेले नसून भिंतीवरून उठून दिव्याजवळ जाऊन बसले आहे.

बोटाच्या दाबात ऊर्जा असते तरी किती?

एखादे बटण दाबताना आपण साधारण ५ न्यूटन बल लावतो, म्हणजे अर्धा किलो वजन हातात धरायला जेवढे लागते तेवढे, आणि बटण सुमारे २ मिलिमीटर आत जाते असे धरू. बल गुणिले अंतर या साध्या हिशेबाने हे कार्य १० मिलिज्यूल भरते. त्यातला बराच भाग स्प्रिंगमध्ये, घर्षणात आणि त्या ‘टक्’ आवाजात खर्च होतो. अशा बटणांसाठी बनवलेल्या छोट्या जनित्रांतून एका दाबाला वापरण्याजोगी वीज मिळते ती साधारण २०० मायक्रोज्यूल, म्हणजे एका ज्यूलचा पाचहजारावा भाग.

ही ऊर्जा किती क्षुद्र आहे याचा अंदाज एका भागाकाराने येतो. ९ वॅटचा एलईडी दिवा इतक्या विजेवर जेमतेम २२ मायक्रोसेकंद पेटेल, आणि डोळ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण ५० मिलिवॅट वीज खाणारा एक छोटा रेडिओ प्रक्षेपक याच ऊर्जेवर ४ मिलिसेकंद चालू शकतो. माणसाच्या दृष्टीने ४ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. मात्र सेकंदाला सव्वा लाख बिट पाठवणाऱ्या प्रक्षेपकाच्या दृष्टीने त्यात ५०० बिट मावतात. ‘लाव’ किंवा ‘बंद कर’ एवढे सांगायला ते पुष्कळ झाले. दिवा पेटवण्याची ऊर्जा बोटात नाही, पण दिव्याला सांगण्याची आहे, हे लक्षात आले की या उपकरणातली निम्मी जादू उलगडते.

चुंबकाची उलटापालट

ही वीज निर्माण होते ती विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने, म्हणजे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या आणि दहावीच्या विज्ञानात आपण शिकलेल्या तत्त्वाने: तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की त्या तारेत विद्युतदाब निर्माण होतो. बटणाच्या आत लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते आणि त्याला लागून एक छोटा पण ताकदवान चुंबक असतो. बटण दाबले की चुंबक आणि गाभा यांची जुळणी एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाते आणि गाभ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा एकदम उलटते.

यातला ‘एकदम’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण विद्युतदाब हा क्षेत्र किती बदलले यावरच नव्हे, तर ते किती वेगाने बदलले यावर अवलंबून असतो. मग आजोबांनी हळूच दाबलेल्या बटणातून कमी वीज आणि नातवाने धाडकन दाबलेल्या बटणातून जास्त वीज निर्माण व्हायला हवी, आणि आजोबांचा दिवा कधी लागेल, कधी लागणार नाही. ही अडचण चुंबकाच्या ओढीने आणि एका पट्टीच्या स्प्रिंगने सोडवली आहे. दाबताना आधी ती स्प्रिंग ताणली जाते. चुंबकाने धरून ठेवलेला भाग ठरावीक मर्यादेपर्यंत हलत नाही आणि मर्यादा ओलांडली की झटक्यात सुटतो. बोट कितीही सावकाश चालले तरी शेवटचा झटका दरवेळी जवळजवळ सारखाच वेगवान असतो. या बटणांचा जाणवण्याइतका मोठा आवाज आणि किंचित कडकपणा हा निर्मितीतला दोष नव्हे. त्या झटक्यातूनच वीज निघते.

बोट उचलल्यावर चुंबक परत मूळ स्थितीत उडी मारतो आणि तेव्हा पुन्हा वीज निर्माण होते. त्यामुळे अशी बहुतेक बटणे दाबताना एक आणि सोडताना एक असे दोन संदेश देऊ शकतात. याचा उपयोग पुढे येईल.

वीज निर्माण करण्याचा आणखी एक मार्ग स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये आहे. त्यात विशिष्ट स्फटिकावर आघात करून ठिणगी काढतात, आणि त्याच दाबविद्युत परिणामावर चालणारी बटणेही बनवली गेली आहेत. मात्र स्फटिकातून मिळतो तो फार मोठा विद्युतदाब आणि फार थोडी विद्युतधारा, आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक मंडलाला हवे असते नेमके उलट. घरगुती बटणांत चुंबक आणि वेटोळे यांचीच सरशी झालेली दिसते.

एका मिलिसेकंदाचा संदेश

वेटोळ्यातून आलेला विजेचा झटका एका कपॅसिटरमध्ये साठवला जातो. तिथून दोन-तीन व्होल्टचा स्थिर दाब मिळाला की बटणातला सूक्ष्म प्रोसेसर जागा होतो. रोजच्या वापरातले बहुतेक प्रोसेसर कायम जागे किंवा अर्धवट झोपेत असतात. हा मात्र प्रत्येक दाबाला नव्याने जन्मतो, कोणती कळ दाबली आहे ते पाहतो, संदेश तयार करतो, तो पाठवतो आणि वीज संपली की विझतो. एकाच बटणावर चार कळा असल्या तरी जनित्र एकच असते. प्रत्येक कळेखाली वेगळा संपर्कबिंदू असतो आणि तो पाहून प्रोसेसर संदेशात योग्य तो आकडा भरतो.

संदेशात काय असते, हे या क्षेत्रातल्या सर्वांत परिचित पद्धतीवरून पाहू. जर्मनीतल्या सीमेन्स कंपनीच्या संशोधन विभागातून २००१ साली म्युनिकजवळ एनओशन नावाची वेगळी कंपनी निघाली. तिची रेडिओ पद्धत २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात साध्या बटणाचा संदेश मोजक्याच बाइटचा असतो: संदेश कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारा एक बाइट, कोणती कळ दाबली किंवा सोडली हे सांगणारा एक बाइट, बटणाचा स्वतःचा ओळख क्रमांक सांगणारे चार बाइट, संदेश मूळचा आहे की मध्ये कोणी पुढे पाठवला आहे हे सांगणारा एक, आणि वाटेत काही बिघडले का हे तपासण्यासाठी शेवटचा एक. हे सगळे हवेत सोडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो.

पाहा, यात ‘कोणासाठी’ हा तपशील कुठेच नाही. बैठकीच्या खोलीतल्या बटणाला आपण कोणता दिवा लावतो आहोत हे ठाऊक नसते. ते फक्त म्हणते: मी अमुक क्रमांकाचे बटण, माझी वरची कळ दाबली गेली.

दवंडी पिटायची आणि पुढे जायचे

जुन्या काळी गावात दवंडी पिटणारा चौकात उभा राहून निरोप सांगत असे आणि पुढे जात असे. कोणी ऐकले, कोणी ऐकले नाही, ज्याच्यासाठी निरोप होता तो घरी होता की शेतावर, याची चौकशी तो करत नसे; ज्याला गरज असेल त्याने कान उघडे ठेवावेत. आपले बटण अगदी असेच वागते, आणि त्यामागचे कारण सर्वस्वी ऊर्जेचे आहे. रेडिओवर उत्तर ऐकायचे तर रिसीव्हर मंडल चालू ठेवावे लागते आणि तेही प्रक्षेपकाइतकीच, कित्येकदा जास्त वीज खाते. शिवाय उत्तर कधी येईल हे ठाऊक नसल्याने ते बराच वेळ चालू ठेवावे लागते. २०० मायक्रोज्यूलच्या शिदोरीत ते बसत नाही.

आता एकाच वेळी दोन बटणांनी संदेश सोडले तर काय होईल? दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून दोन्ही संदेश बिघडतील. हा प्रश्न बिनतारी संदेशवहनात जुना आहे. हवाई विद्यापीठाने १९७१ साली बेटाबेटांवरची संगणक केंद्रे रेडिओने जोडण्यासाठी अलोहानेट नावाचे जाळे सुरू केले, तेव्हा ज्याला बोलायचे त्याने बोलावे, पोच आली नाही तर संदेशांची टक्कर झाली असे समजून थोडा यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा बोलावे, असा नियम ठरवला होता. बटणाला पोच ऐकूच येत नाही, त्यामुळे ते या नियमाचा अर्धाच भाग पाळते: टक्कर झाली असो वा नसो, तोच संदेश तीनदा सांगते. एनओशन पद्धतीत या तीन प्रती सुमारे ४० मिलिसेकंदांच्या आत पाठवल्या जातात आणि त्यांमधले अंतर मुद्दाम अनियमित ठेवलेले असते. अंतर नेमके सारखे असते, तर एकाच क्षणी दाबलेल्या दोन बटणांच्या तिन्ही प्रती एकमेकींवर आदळल्या असत्या. प्रत्येक प्रत जेमतेम मिलिसेकंदभराची असल्याने तीनपैकी एक तरी सुखरूप पोहोचण्याची शक्यता खूप मोठी असते. संदेश छोटा ठेवण्याचा फायदा असा दुहेरी आहे: तो वीज कमी खातो आणि हवेतली जागाही कमी अडवतो.

मात्र या तीन प्रतींनी रिसीव्हरपुढे एक नवाच प्रश्न उभा केला. समजा, रिसीव्हरला शिकवले आहे की या बटणाचा संदेश आला की दिव्याची स्थिती उलट करायची. मग एका दाबाच्या तीन प्रती ऐकून तो दिवा लावेल, विझवेल आणि पुन्हा लावेल. दोनच प्रती पोहोचल्या तर लावून विझवेल, आणि दाबणारा बटणाला नावे ठेवत बसेल. म्हणून एक संदेश ऐकल्यावर काही काळ, साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, तोच संदेश पुन्हा आला तर दुर्लक्ष करायचे, असा नियम रिसीव्हरमध्ये असतो. माझ्या मते त्याहून चांगला उपाय म्हणजे कळेची वरची बाजू ‘लाव’ आणि खालची ‘बंद कर’ अशी स्वतंत्र ठेवणे. ‘लाव’ तीनदा ऐकले काय किंवा दहादा ऐकले काय, दिवा लागलेलाच राहतो. वापरणाऱ्याला शंका आली तर तो पुन्हा वरची बाजू दाबू शकतो आणि त्यातून काही बिघडत नाही.

दाबण्याचा आणि सोडण्याचा असे दोन संदेश मिळत असल्याने दिव्याचा उजेड कमी-जास्तही करता येतो. दाबल्याचा संदेश आला की रिसीव्हर उजेड हळूहळू वाढवू लागतो आणि सोडल्याचा आला की थांबतो. या दोन संदेशांमधला काळ रिसीव्हरच मोजतो. बटणाकडे घड्याळ चालवायलाही वीज नसते. सोडल्याच्या संदेशाच्या तिन्ही प्रती हरवल्या तर उजेड शेवटच्या टोकापर्यंत जाऊन थांबतो.

१९५६ सालचा रिमोट

सेलशिवाय निरोप पाठवण्याची ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेल्या टीव्हीच्या रिमोटमध्येही सेल नव्हता. रॉबर्ट अॅडलर या अभियंत्याने घडवलेल्या त्या रिमोटमध्ये अॅल्युमिनियमच्या चार कांड्या होत्या. कळ दाबली की एक छोटी हातोडी त्यातल्या एका कांडीवर आपटे आणि कांडी माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च स्वरात किणकिणे. प्रत्येक कांडीचा स्वर वेगळा, त्यामुळे टीव्हीला चार हुकूम कळत. रिमोट साधा आणि स्वस्त होता, पण ते स्वर ओळखण्यासाठी टीव्हीत सहा जादा निर्वात नलिका घालाव्या लागल्या आणि टीव्हीची किंमत जवळपास तीस टक्क्यांनी वाढली. धातूच्या वस्तूंच्या किणकिणाटानेही असा टीव्ही कधीकधी फसे.

आजच्या बटणातही बोलणाऱ्याचे सगळे ओझे ऐकणाऱ्यावर टाकलेले आहे. झेनिथच्या टीव्हीला कोण किणकिणते आहे हे ओळखता येत नव्हते, आजच्या रिसीव्हरला ते येते, एवढा फरक मात्र पडला आहे.

शेजाऱ्याच्या बटणाने आपला दिवा लागेल का?

नाही, कारण प्रत्येक बटणाला कारखान्यातच वेगळा ओळख क्रमांक दिलेला असतो. चार बाइटमध्ये, म्हणजे ३२ बिटमध्ये, सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे क्रमांक मावतात. रिसीव्हर बसवताना त्यावरची शिकवण्याची कळ दाबून ठेवायची आणि मग हवे ते बटण दाबायचे. त्या क्षणी ऐकू आलेला क्रमांक रिसीव्हर स्वतःच्या स्मृतीत कायमचा नोंदवतो. पुढे कितीही संदेश कानी पडले तरी नोंदवहीत नसलेल्या क्रमांकाकडे तो लक्ष देत नाही. ही नोंद बटणाकडे नसते, रिसीव्हरकडे असते, कारण बटणाला कोणी काही शिकवू शकत नाही.

यातून एक मोठी सोय आपोआप मिळते. एका रिसीव्हरला अनेक बटणे शिकवता येतात आणि एकच बटण अनेक रिसीव्हरांना शिकवता येते. जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली अशी दोन बटणे हवी असतील, तर एरवी टू-वे स्विच आणि त्यांच्यामधली जादा वायर टाकावी लागते. इथे दुसरे बटण फक्त चिकटवायचे आणि शिकवायचे. पलंगाजवळ तिसरे हवे असल्यास तेही.

निरोप कोणी चोरून ऐकला तर?

ही शंका रास्त आहे. दवंडी सर्वांनाच ऐकू येते. साध्या बटणाचा संदेश कोणी योग्य उपकरणाने टिपून ठेवला आणि नंतर जसाच्या तसा हवेत सोडला, तर रिसीव्हरला तो नकली आहे हे कळणार नाही. स्वस्तातल्या पुष्कळ बटणांना हा धोका आहे.

यावर उपाय असा की प्रत्येक संदेशासोबत एक वाढत जाणारा क्रमांक पाठवायचा आणि तो क्रमांक व संदेश मिळून गुप्त किल्लीच्या आधारे काढलेली एक गणिती सही जोडायची. आधी येऊन गेलेला क्रमांक पुन्हा आला तर रिसीव्हर तो नाकारतो, आणि किल्ली नसलेल्याला पुढच्या क्रमांकाची खरी सही करता येत नाही. एनओशनच्या ब्लूटूथवर चालणाऱ्या बटणांत एईएस-१२८ या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीने अशी सही केली जाते. त्यासाठी बटणाला शेवटचा क्रमांक वीज गेल्यावरही लक्षात ठेवावा लागतो, आणि स्मृतीत लिहायला पुन्हा ऊर्जा लागते. म्हणजे त्याच २०० मायक्रोज्यूलमधून सुरक्षेचाही वाटा काढावा लागतो. बैठकीतल्या दिव्यासाठी मला साधे बटण चालेल. दाराचे कुलूप किंवा गॅरेजचे शटर यांना मात्र सही न करणारे बटण कदापि जोडू नये.

घरात वाय-फाय असताना हे वेगळे प्रकरण कशाला?

वाय-फायवर एक शब्द पाठवण्याआधी बरीच औपचारिकता असते. राउटर शोधणे, ओळख पटवणे, किल्ल्यांची देवाणघेवाण, पत्ता मिळवणे, मग संदेश आणि त्याची पोच. प्रत्येक पायरीवर ऐकावे लागते. ३०० मिलिवॅट खाणाऱ्या चिपला यासाठी एक सेकंद लागला असे धरले तरी ३०० मिलिज्यूल झाले, म्हणजे आपल्या बटणाचे दीड हजार दाब. ब्लूटूथमध्ये मात्र एक पळवाट आहे. जोडणी न करता नुसती घोषणा करण्याची सोय त्यात मुळातच आहे आणि तिच्यासाठी २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ या तीन ठरलेल्या वाहिन्या राखून ठेवल्या आहेत. बिनसेलची ब्लूटूथ बटणे या तिन्ही वाहिन्यांवर एकामागून एक तीच घोषणा करतात.

झिगबी या गृहयंत्रणांसाठीच्या जाळ्यातही सर्वसाधारण उपकरणाला जाळ्यात रीतसर सामील व्हावे लागते. बिनसेलच्या बटणांसाठी त्यात ग्रीन पॉवर नावाची वेगळी सवलत करून दिली आहे: बटणाने छोटा संदेश सोडायचा आणि जवळच्या, विजेवर चालणाऱ्या एखाद्या दिव्याने तो उचलून जाळ्यात पुढे पोहोचवायचा. फिलिप्सचे २०१४ सालचे ह्यू टॅप हे बटण याच पद्धतीचे होते.

भिंतींचे काय?

मोकळ्या मैदानात अशा बटणाचा संदेश ३०० मीटरपर्यंत जाऊ शकतो. घरात ३० मीटर मिळाले तरी चांगले म्हणायचे. विटांच्या, पार्टिशनच्या किंवा लाकडी भिंतींतून लहरी थोड्या क्षीण होऊन पार जातात. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये त्या बऱ्याच अडतात, आणि धातूच्या पत्र्यातून जातच नाहीत.

मुंबई-पुण्यातल्या नव्या इमारतींत इथे एक विचित्र पेच पडतो. मिवान पद्धतीच्या बांधकामात अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. अशा भिंतीला वायरसाठी झिरी मारणे अवघड असते आणि भिंत भार पेलणारी असल्याने ते करूही नये. म्हणजे बटण हलवायचे असेल, तर बिनवायरच्या बटणाची सर्वांत जास्त गरज याच घरांत आहे, आणि लहरींना सर्वांत जास्त अडथळाही याच भिंतींचा आहे. एका खोलीत बटण आणि त्याच खोलीत रिसीव्हर असेल तर अडचण येत नाही. दोन-तीन भिंती ओलांडायच्या असतील तर आधी बटण हातात धरून सगळीकडून दाबून पाहावे, मगच चिकटपट्टी लावावी. संदेश क्षीण पडत असेल तर विजेवर चालणारा, ऐकलेला संदेश पुन्हा सोडणारा रिपीटर मध्ये बसवता येतो. संदेश मूळचा की पुढे पाठवलेला हे सांगणाऱ्या त्या बाइटमध्ये रिपीटर आपली नोंद करतो, नाहीतर दोन रिपीटर एकमेकांचेच बोलणे कायम उगाळत बसतील.

वायरमनकडून होणारी एक नेहमीची चूक म्हणजे रिसीव्हर बोर्डाच्या लोखंडी पेटीत पूर्ण आत ढकलणे. त्याची अँटेनाची छोटी वायर पत्र्याबाहेर राहिली पाहिजे. तसेच एलईडीच्या हलक्या प्रतीच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे त्याला योग्य दाबाची वीज पुरवणाऱ्या मंडलातून, रेडिओ गोंगाट निघतो, म्हणून रिसीव्हर त्याच्यापासून निदान अर्धा मीटर दूर असलेला बरा.

लहरींची परवानगी

परदेशातून बटण मागवणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. एनओशनची युरोपातली बटणे ८६८.३ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेतली ९०२ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि जपानमधली ९२८च्या. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त असलेला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे युरोपातले बटण या पट्ट्याच्या अगदी काठाबाहेर पडते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र इथेही परवानामुक्त आहे, त्यामुळे ब्लूटूथ आणि झिगबीच्या बटणांना लहरींची ही अडचण येत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग शाखेची प्रकारमान्यता लागते. ती आहे का, हे विक्रेत्याला विचारायला संकोच करू नये.

वीज गेली तर, आणि बिलाचे काय?

वीज गेल्यावर बटण दाबले तर संदेश निघतोच, पण ऐकणारा रिसीव्हर बंद असतो. वीज परत आल्यावर दिवा लागावा, बंद राहावा की आधीच्या स्थितीत जावा, हे रिसीव्हरच्या रचनेवर असते. रात्री वीज गेली आणि पहाटे तीनला सगळे दिवे झगझगीत लागले, असे नको असेल तर घेण्यापूर्वी ही सोय तपासावी.

बटणाला वीज लागत नाही हे खरे, पण त्याच्यासाठी रिसीव्हर रात्रंदिवस जागा असतो. तो अर्धा वॅट खात असेल तर वर्षाला सुमारे साडेचार युनिट होतात आणि घरात असे दहा रिसीव्हर असतील तर पंचेचाळीसच्या आसपास. रक्कम मोठी नाही. तरीही ‘विजेशिवाय चालणारे’ ही जाहिरात फक्त भिंतीवरच्या अर्ध्या भागाला लागू आहे. त्या अर्ध्या भागाचे आयुष्य मात्र चांगले असते: एक लाख दाब सोसणारे बटण रोज वीस वेळा दाबले तरी तेरा वर्षांहून अधिक टिकेल.

गीझर किंवा पाण्याचा पंप अशा बटणावर टाकावा का, असे मला विचारले जाते. माझे उत्तर नकारार्थी आहे. दिवा लागला की नाही हे डोळ्यांना दिसते, म्हणून बटणाला पोच मिळाली नाही तरी चालते; तिथे पोच आपणच घेतो. बंद दारामागचा गीझर किंवा गच्चीखालचा पंप बंद झाला की नाही हे ना बटणाला कळते ना दाबणाऱ्याला. शिवाय अशा जड भारासाठी रिसीव्हरमधल्या रिलेची क्षमताही तेवढी असावी लागते.

शेवटी, बल्ब बदलताना किंवा होल्डर दुरुस्त करताना हे बटण ‘बंद’ करून काम सुरू करू नये. शेजारच्या खोलीत कोणी दुसरे शिकवलेले बटण दाबले तर त्याच क्षणी फेज परत येईल. अशा वेळी त्या मंडलाचा एमसीबी पाडूनच शिडीवर चढावे.